मदत हवी आहे: कोकणकड्यासाठी १६ एमएमवर आडवी फ्रेम की उभी?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा फुल-फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ एमएमच्या वाइड लेन्सने टिपायचा आहे. आडव्या फ्रेमला ९७ अंशांची रुंदी मिळते, पण कड्याची खोली हरवते आणि वर नुसतं रिकामं आकाश उरतं. उभ्या फ्रेममध्ये पायाजवळच्या खडकापासून ढगांपर्यंत सगळं बसतं; रुंदी मात्र ७४ अंशच, शिवाय कॅमेरा खाली झुकवला की कोपऱ्यातले दगड ताणले जातात.

तिसरा पर्याय म्हणजे चार उभ्या फ्रेम जोडून पॅनोरमा, दर ४५-५० अंशांनी एक, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल. (पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, अजिबात नको, आकाशात गडद पट्टा उमटतो.) अडचण पॅरलॅक्सची, म्हणजे कॅमेरा फिरवताना जवळच्या वस्तू दूरच्यांच्या तुलनेत सरकण्याची. ते टाळायला कॅमेरा लेन्सच्या योग्य बिंदूभोवती फिरवणारी नोडल रेल नाही, ट्रायपॉडवर साधं बॉलहेड आहे. मीटरभरावरचा खडक जोडताना तुटेल ना? तो वगळून पॅनोरमा घ्यावा, की एका उभ्या फ्रेममध्ये अर्धाच कडा ठेवावा? ठेवलाच, तर कुठे कापावा?