आर१५ वरून थेट निंजा ६५०: घ्यावी की नको?

क्लचवायर (धागाकर्ता):
यामाहा आर१५ बरीच वर्षं चालवतोय. १५५ सीसी, १८ पीएस (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप), शहरात काही तक्रार नाही. पण खंबाटकी घाटाच्या चढाला ट्रक ओलांडताना गाडीत दम उरत नाही. आता कावासाकी निंजा ६५० डोक्यात बसलीय. ६४९ सीसी, ६८ पीएस, म्हणजे ताकद जवळपास चौपट. बायकोची हरकत नाही (आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार). घ्यावी का?

पर्वती_पायथा:
नको. चालवणार कुठे? एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. पुण्यात कर्वे रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही आणि सिग्नलला थांबलात की रेडिएटरचा पंखा गरम हवा मांडीवर सोडतो. जवळजवळ दोनशे किलोचं धूड सोसायटीच्या पार्किंगमधून मागे ढकलत काढून बघा एकदा. उरला रविवार. लवासा रस्त्याला जाऊन मिसळ खाऊन यायला एवढे लाख?

ताम्हिणीवेडा:
काका, घाटात जायला फॉर्च्युनर घेणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. कोल्हापूरपर्यंत अख्खा हायवे पडलाय.
धागाकर्ते, एक लक्षात घ्या. निंजा ६५० आणि निंजा झेडएक्स-६आर यांचं नाव आणि हिरवा रंग सारखा, गाड्या वेगळ्या. झेडएक्स-६आर ६३६ सीसी, चार सिलिंडर, १२० च्या वर पीएस. तिची खरी ताकद दहा हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे जागी होते आणि पहिल्या गिअरलाच शंभरी ओलांडते. ६५० दोन सिलिंडरची, कमी आरपीएमपासूनच ओढणारी, हँडलही त्यातल्या त्यात उंच. दिसायला स्पोर्ट, स्वभावाने टूरिंग. ओव्हरटेक पटकन उरकतो, म्हणजे समोरच्या लेनमध्ये तुम्ही कमी वेळ राहता. उलट सुरक्षितच की!

टाके_घालणारी:
हे 'सुरक्षितच' ऐकून माझा चहा गार झाला. ऑर्थोपेडिक वॉर्डात नोकरी करते, म्हणून लिहिते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ओव्हरटेक झाल्यावर तोच वेग पुढच्या वळणापर्यंत तुमच्यासोबत येतो. घाबरलं की नजर कठड्यावर खिळते आणि गाडी नजरेमागे जाते.
आणि आपल्याकडे स्प्लेंडरवर काढलेल्या लायसन्सवर हजार सीसी चालवता येते. युरोपात ए२ लायसन्स असतं, गाडीच्या ताकदीला ३५ किलोवॅटची मर्यादा, त्यावर किमान दोन वर्षं काढल्यावर पुढची परीक्षा. इथे ती पायरी आपली आपणच घालून घ्यायची.

ताम्हिणीवेडा:
निंजाला एबीएस आहे (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होत नाही), ट्रॅक्शन कंट्रोल आहे (मागचं चाक घसरून फिरू देत नाही), स्लिपर क्लच आहे (पटकन गिअर खाली टाकला तरी चाक अडखळत नाही). जुन्या आरएक्स १०० वर यातलं काय होतं? तरी लोकांनी चालवल्याच ना.

टाके_घालणारी:
चालवल्या, आणि आमच्याकडे आल्याही. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात वळणावर चिखल वाहून आलेला असतो, तिथे आधी हळू व्हावं लागतं. ट्रॅक्शन कंट्रोल ते तुमच्या वतीने करत नाही.

बारामतीकर:
ताईंनी सांगितलेली पायरी आमच्याच तालुक्यात बनते की! एप्रिलिया आरएस ४५७, पियाजिओचा बारामतीचा कारखाना. ४५७ सीसी, दोन सिलिंडर आणि ताकद बरोबर त्या ३५ किलोवॅटला आणून थांबवलेली, म्हणजे ४७.६ पीएस. निंजापेक्षा वीसेक किलोंनी हलकी.
कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर जीएसटी ४० टक्के, खाली १८. म्हणजे ४५७ असो की ६५०, दोन्ही ४० टक्क्यांतच. खर्च वाचवायचा तर टीव्हीएस आरआर ३१० बघा.

पर्वती_पायथा:
बारामतीकर बारामतीच सांगणार, यात नवल ते काय. बाकी धागाकर्ते, वहिनींची हरकत नाही म्हणता, पण त्या मागे बसून कोल्हापूरला येणार आहेत का? त्या सीटवर त्यांना आधी शिवापूरपर्यंत तरी नेऊन आणा.

क्लचवायर:
सीटचा मुद्दा पटला, टेस्ट राइडला तिला घेऊन जातो. पण एप्रिलिया घ्यायची आणि दोन वर्षांनी विकून पुन्हा मोठी घ्यायची, यात नव्या गाडीचा घसारा माझ्याच खिशातून ना? शिवाय ३१० ला गेलो तर आर१५ सोडल्यासारखं वाटणारच नाही.

टाके_घालणारी:
मग वापरलेली घ्या. केटीएम आरसी ३९०, चाकणला बनते, ४३ पीएसच्या आसपास, पुण्यात भरपूर मिळतात. पहिला घसारा आधीच्या मालकाने भरलेला असतो. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, पाठीचं गार्ड असलेलं जॅकेट आणि चेन्नईला ट्रॅकवरचा एक कोर्स.

ताम्हिणीवेडा:
कोर्स मान्य. आरसी ३९० नाही. काकांना निंजाच्या गरम हवेचा त्रास, ही तर एका सिलिंडरची तापट बाई आहे, स्वारगेटला खालच्या आरपीएमला नुसती धडधडते. घेणारच असाल तर बघताना हँडलची आणि फूटपेगची टोकं घासली आहेत का ते तपासा, फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) सीलमधून तेल येतंय का बघा. कॉलेजच्या पोरांनी वापरलेल्या असतात, पाडलेली नसेल अशी शोधायला दिवाळी उजाडेल.