शब्दचर्चा: कागद ‘फोडले’ की ‘छापले’?

(कोल्हापुरातल्या चौघांच्या गप्पा; नावं त्यांच्या भागांची.)

रंकाळावेस: आमच्या पेपरच्या डेस्कवर मथळ्यावरून जुंपली. सरकारी कागद छापले म्हणून वार्ताहरावर गुन्हा. उपसंपादकानं लिहिलं, ‘गोपनीय कागदपत्रे फोडली’. मी ‘फोडली’ काटून ‘छापली’ केलं. चुकलं काय?

पापाची तिकटी: नाही भावा. पेपर फुटतो, आमदार फोडतात. ‘फोडली’ म्हटलं की माणूस चोर ठरलाच, कोर्टाची गरजच नाही. शिवाय फोडतो कचेरीतला, वार्ताहर छापतो.

शाहूपुरी: कायद्याला ते पटायचं नाही. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. त्याचं कलम ५ देणाऱ्याला धरतं, तसं जाणूनबुजून घेणाऱ्यालाही. ३ वर्षांपर्यंत कैद. आणि नावात ‘गुपिते’ असूनही गुपित म्हणजे काय, याची व्याख्या आत नाही!

मंगळवार पेठ: म्हणून ‘गोपनीय’ आणि ‘गुपित’ एक धरू नका. गोपनीय हा नुसता शिक्का. मी कारकुनी केलेली आहे. सी.आर., म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामाचे वार्षिक अहवाल, लाल शाईत ‘गोपनीय’ लिहिलेल्या, लाखेनं बंद केलेल्या पाकिटातून जायचे, आणि कुणाला कसला शेरा पडला ते दुपारच्या चहाला सगळ्या टेबलांना पाठ. दिल्लीचे पत्रकार इफ्तिखार गिलानी २००२ साली याच कायद्याखाली तिहारला गेले. त्यांच्याकडचा मजकूर इंटरनेटवर कुणालाही वाचता येत होता. तरी सातेक महिने आत. जानेवारी २००३ मध्ये सरकारनंच खटला मागे घेतला. यात गुपित कुठलं आलं?

रंकाळावेस: मग केसरीचं कोल्हापूर प्रकरण? टिळक-आगरकरांनी दरबारची गुपितं फोडली, असं आमच्याकडं सर्रास बोलतात.

शाहूपुरी: भाषणात तर राजद्रोहही ठोकून देतात. १८८२ चा तो खटला कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्या अब्रूनुकसानीचा. ज्या पत्रांवर भिस्त ठेवून लिहिलं, ती बनावट निघाली. बनावट पत्रात गुपित कसलं, आणि फोडणार काय? दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस मात्र खरे.

पापाची तिकटी: राफेल विमानखरेदीच्या खटल्यात, २०१९ ला, महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील, आधी म्हणाले कागद चोरीला गेले, मग म्हणाले त्या छायाप्रती. सुप्रीम कोर्टानं १० एप्रिलला सरकारचा आक्षेप फेटाळून ते कागद विचारात घ्यायचं ठरवलं. ‘चोरीचे’ हा शब्द तोवर देशभर मथळ्यांतून फिरून आला होता.

मंगळवार पेठ: ‘गोपनीय शिक्क्याची कागदपत्रे छापली, वार्ताहरावर गुन्हा’ असं घ्या.

रंकाळावेस: तीन कॉलमात बसंना. ‘कागदपत्रे’चं ‘कागद’ केलं, ‘शिक्क्याचे’ ठेवलं. गेलं पान.