डांबराच्या टाकीला लेव्हल सेन्सर आणि ओव्हरफ्लो कटऑफ: काय बसवावे?

चेंबूर_हॉटमिक्स
नमस्कार मंडळी. प्लांटवर दोन आडव्या टाक्या आहेत. प्रत्येकीचा आतला व्यास २.४ मीटर, लांबी ६.६ मीटर, म्हणजे जेमतेम ३० घनमीटर. आत थर्मिक फ्लुइडची (गरम तेल फिरवून माल तापवणारी) कॉइल, तिचा सगळ्यात वरचा पाइप तळापासून ५० सेंमीवर. माल व्हीजी-३० (डांबराची एक प्रत), १५० ते १६० अंशांवर ठेवतो. माहूलहून २० टनी टँकर येतो, तो ३ इंची गिअर पंपाने ताशी साधारण ३० घनमीटरने उतरवतो. सध्या फ्लोट, तार आणि बाहेर पट्टीवर काटा आहे. काटा अडकतो आणि मग मॅनहोलमधून डांबर बाहेर. एक विक्रेता अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी पातळी मोजणारा) घ्या म्हणतो, दुसरा ८० गिगाहर्ट्झचा रडार (रेडिओलहरींनी मोजणारा). रडारच्याच रिलेवर पंप बंद केला तर चालेल का, की वेगळा स्विच हवाच? आणि पावसाळ्यानंतर टाकी पुन्हा तापवताना फेस येतो, तेव्हा हे सेन्सर नेमके काय दाखवतात?

टाकीचे_गणित
सेन्सरच्या आधी जागा मोजा, कारण तुमचा टँकर मुळात एका टाकीत बसतच नाही.

डांबराची घनता १५ अंशांना १.०२ धरली तरी १५० अंशांना ती ०.९४ च्या आसपास येते. म्हणजे २० टन माल सुमारे २१.३ घनमीटर. वरची हद्द उंचीच्या ८५ टक्के, म्हणजे २.०४ मीटर ठेवा. तिथे टाकीत २७ घनमीटर असतात. खाली कॉइलवर किमान १५ सेंमी माल हवा, म्हणजे ६५ सेंमी. तिथे साडेसहा घनमीटर. मधली जागा साडेवीस. पाऊण-एक घनमीटर कमीच पडतो, आणि हा माल दर वेळी ‘बसेल, बसेल’ म्हणत ढकलला जातो. काटा अडकला नसता तरी टाकी कधीतरी वाहिलीच असती.

आडव्या टाकीत वर वर गेल्यावर पृष्ठभाग अरुंद होतो, त्यामुळे तोच पंप पातळी जास्त वेगाने चढवतो. ९० टक्के उंचीवर फक्त दीड घनमीटर जागा उरते, ९५ वर अर्धा. तुमचा पंप मिनिटाला अर्धा घनमीटर टाकतो. शिवाय माल ११० अंशांवरून १६० वर नेला की तो सुमारे ३ टक्के फुगतो, म्हणजे २७ घनमीटरवर ०.८. रात्री काठोकाठ भरून ठेवलेली टाकी सकाळी तापवताना वाहते ती यामुळेच.

म्हणून टँकर जोडण्याआधी दोन्ही टाक्यांची पातळी आणि तापमान लिहा, किती कुठे जाणार ते ठरवा. दोन टाक्यांत वाटून घेणार असाल तर व्हॉल्व्ह बदलण्याची पातळीही आधीच कागदावर हवी. अदलाबदलीत पहिल्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होणे हे ओव्हरफ्लोचे नेहमीचे कारण आहे.

लूप_तपासनीस
अल्ट्रासॉनिक विसरा. आवाजाचा वेग तापमानागणिक बदलतो, टाकीत वरच्या थराचे आणि मालाजवळचे तापमान वेगळे असते, त्यात डांबराची वाफ ट्रान्सड्युसरवर बसते. कपॅसिटन्स प्रोबवर (विद्युत धारकतेवरून पातळी सांगणाऱ्या दांड्यावर) थर चढला की रीडिंग सरकते. बबलर (नळीतून हवेचे बुडबुडे सोडून दाबावरून पातळी मोजणारा) तर नकोच: नळी चोंदते आणि गरम डांबरात सतत हवा सोडली की ते ऑक्सिडाइज होते.

रडार बरोबर आहे, पण तो कुठे आणि कसा बसतो यावर सगळे अवलंबून. डांबराचा डायइलेक्ट्रिक (लहर किती परतेल ते ठरवणारा गुणांक) अडीच ते तीनच्या आसपास, म्हणजे पृष्ठभागावरून जेमतेम ६ टक्के ऊर्जा परत येते. २.४ मीटरसाठी ती पुरते. पण टाकी रिकामी होत आली की उरलेली ऊर्जा मालातून जाऊन कॉइलवरून परतते आणि रडार कॉइललाच पातळी समजतो. बसवताना टाकी रिकामी असेल तेव्हा खोट्या इकोचा (पातळी सोडून इतर वस्तूंवरून परतणाऱ्या लहरींचा) नकाशा घ्या आणि बीम कॉइलच्या पाइपावर, आत येणाऱ्या धारेवर किंवा शिडीवर पडणार नाही अशी जागा निवडा.

नोझल (सेन्सर बसवायचे टाकीवरचे तोंड) आखूड ठेवा आणि त्याला बाहेरून इन्सुलेशन करा. गार नोझलवरच वाफ थिजते, मग अँटेनापुढे काळा लगदा जमतो आणि पातळी अचानक ‘भरली’ दिसते. पीटीएफई (टेफ्लॉन) सीलची अँटेना घ्या, एअर पर्जची (हवा फुंकून अँटेना साफ ठेवण्याची) सोय असेल तर उत्तम, पण हवा कोरडी हवी. ओली हवा टाकीत सोडू नये. इलेक्ट्रॉनिक्सचे डोके टाकीच्या उष्णतेपासून लांब ठेवायला एक्स्टेन्शन मागा.

फ्लोटचा काटा काढू नका. स्थानिक दिसण्यापुरता राहू द्या, पण त्याच्यावर कुठलाही निर्णय नको.

रिले_आणि_कॉन्टॅक्टर
वेगळा स्विच हवाच. रडार चुकला तर तोच रडार तुम्हाला वाचवू शकत नाही. एपीआय २३५० (अमेरिकी) आणि आपल्याकडे ओआयएसडी ११७ ही सुरक्षा मानके मुख्यतः पेट्रोलियम टाक्यांसाठी आहेत, पण गेजिंग वेगळे आणि शेवटचा हाय-हाय अलार्म वेगळा हा विचार इथेही तंतोतंत लागू पडतो.

तुमच्या टाकीसाठी: रडारवर हाय अलार्म २.०४ मीटर, स्वतंत्र स्विचवर हाय-हाय ट्रिप (पंप आपोआप बंद) २.२० मीटर. मध्ये १.६ घनमीटर, म्हणजे माणसाला सव्वातीन मिनिटे मिळतात. ट्रिपनंतरही एक घनमीटरच्या वर जागा राहते, त्यात होजमधला माल आणि मघाशी सांगितलेला फुगवटा मावतो.

स्विच सर्किट नेहमी चालू ठेवा: वायर तुटली, वीज गेली, तरी पंप थांबला पाहिजे. हा संपर्क पीएलसीतून (प्लांटच्या नियंत्रक संगणकातून) फिरवू नका, सरळ पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलमध्ये घाला. रीसेट हाताने. पॅनलवर बायपासची चावी लावली की ती कायम फिरवलेलीच सापडते.

व्हायब्रेटिंग फोर्क (कंप पावणारा काटा, द्रवात बुडाला की कंप बदलतो) घेणार असाल तर उच्च तापमानाचा घ्या, पण थंड नोझलमध्ये त्याच्या दातांमध्ये डांबर थिजून बसते. इथे मी थर्मल प्रोबला, म्हणजे तापमानाच्या फरकावर चालणाऱ्याला, झुकते माप देतो. हलता भाग नाही, थर चढला तरी साफ करणे सोपे.

लूप_तपासनीस
थर्मल प्रोबवर जाड थर चढला की प्रतिसाद मंदावतो, हेही सांगा. मिनिटाला अर्धा घनमीटर येत असताना एक मिनिटाचा उशीर महाग पडतो. फोर्क असो की प्रोब, दर महिन्याला बाहेर काढून, पुसून, गरम तेलाच्या बादलीत बुडवून पंप खरोखर थांबतो का ते पाहा. टेस्ट बटण फक्त इलेक्ट्रॉनिक्स तपासते. आणि साफ करायला डिझेल टाकीच्या तोंडाशी नेऊ नका.

चेंबूर_हॉटमिक्स
खूप उपयोगी. एक राहिले: काही टँकरांना स्वतःचा पंप असतो, तो आमच्या पॅनलवर नाही. तेव्हा ट्रिप काय थांबवणार?

रिले_आणि_कॉन्टॅक्टर
काहीच नाही, हूटर तेवढा वाजेल. अशा वेळी टाकीच्या इनलेटला जॅकेटेड बॉल व्हॉल्व्ह, हवेवर उघडणारा आणि स्प्रिंगने बंद होणारा, लावावा लागतो. पण धोका ऐका: गिअर पंप बंद व्हॉल्व्हवर ढकलत राहिला तर होज फुटतो किंवा कपलिंग निसटते, तेही १५० अंशांच्या मालासह. त्यामुळे रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) चालू स्थितीत असलेल्या टँकरलाच जोडू द्या. तुमच्या स्वतःच्या पंपासाठी क्रम उलटा नको: आधी पंप थांबतो, ३ ते ५ सेकंदांनी व्हॉल्व्ह मिटतो.

टाकीचे_गणित
फेसाबद्दल. पाण्याच्या १ लिटरची वातावरणीय दाबाला सुमारे १,७०० लिटर वाफ होते, आणि ती डांबरात अडकून फुगते. रडार विरळ फेसातून कधी आरपार जातो, कधी इको हरवतो. फोर्क तर हलक्या फेसाला द्रव मानतच नाही. म्हणजे फेसापासून सेन्सर वाचवत नाही, रिकामी जागा आणि मंद तापवणे वाचवते.

जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या टाकीत व्हेंट, मॅनहोलच्या गॅस्केटमधून पाणी येते आणि थंड मालावर साचते. तापवण्याआधी ते उपसा. टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असू द्या. वरचा थर घट्ट असताना खाली जोरात उष्णता देऊ नका, वितळलेल्या मालाला फुगायला वाट नसते. ९० ते ९५ अंशांवर थांबा, मग १०० ते १२० हा टप्पा अगदी हळू, तडतड थांबेपर्यंत. गरम टाकीत ओल्या टँकरचा माल ओतताना हाच नियम.

ओव्हरफ्लो पाइप इनलेटपेक्षा मोठा, तुमच्याकडे किमान ४ इंची, आणि तापता ठेवलेला. नाहीतर पहिल्या थेंबांनीच तो बुजतो. तो ज्या खड्ड्यात पडतो तिथे पावसाचे पाणी साचता कामा नये. पाण्यात गरम डांबर पडले की ते उडते.

डिप (पट्टी बुडवून पातळी मोजणे) घ्यायला वर चढणाऱ्याने वाऱ्याच्या बाजूला पाठ करून उभे राहावे. मॅनहोलमधून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू येतो आणि १०० पीपीएमच्या आसपास नाकाला वास येणेच बंद होते. कॉलरला या वायूचा मीटर लावल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका.