रक्त पातळ करायची गोळी चालू असताना : तुमचे अनुभव लिहा

पायाच्या शिरेत गुठळी झाली म्हणून ज्यांच्या घरी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनी इथं लिहा. रक्तस्राव झाला असेल तर कशानं झाला, आधी काय दिसलं, तेही सांगा. सुरुवात मी करते.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आईला वॉरफरिन चालू होती. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; जितका जास्त तितकं रक्त पातळ) 2 ते 3 मध्ये राहावा म्हणून दर महिन्याला बेळगावला नेऊन तपासत होतो. भाताची लावणी झाली आणि तिचे गुडघे धरले. कुणाला न सांगता दुकानातून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणून तिनं चार दिवस घेतली. पाचव्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट. "नाचण्याची भाकरी खाल्ली की होतंय तसं," म्हणाली. संध्याकाळी चुलीपुढून उठताना तोल गेला. पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. आयएनआर निघाला 2.6, म्हणजे अगदी हवा तेवढा! पोटात जखम केली दुखण्याच्या गोळीनं, आणि वॉरफरिनमुळं रक्त थांबेना. रिपोर्ट चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हे कळकळीनं सांगते.

निपाणीहून : मिस्टरांना जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल दिली. वॉरफरिनचं आम्हीच सांगितलं नव्हतं. आठवड्यात हिरड्यांतून रक्त, दंडावर काही न लागता निळे डाग. आयएनआर 7 च्या वर. वॉरफरिन थांबवून तिचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के दिलं.

चिकोडीहून : मला रिव्हारोक्सॅबान, तीही रक्त पातळ करायचीच गोळी. तिला आयएनआर तपासावा लागत नाही, पण पाळी दहा दिवस चालली. लाजून बोलले नाही, हिमोग्लोबिन 7 वर आलं. बायांनो, सांगत जा.

शहापूरहून : बाबा न्हाणीत घसरले. टेंगूळसुद्धा नाही, तरी रक्त पातळ करायची गोळी चालू म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करायला लावला. ठीक निघाला.

बेळगावहून : हेच सगळं ऐकून माझ्या भावानं महिन्यातच गोळी मनानं बंद केली. गुठळी फुफ्फुसात गेली. वाचला, पण चार दिवस आयसीयूत होता.

हे लिहिलंत, फार बरं केलंत. आईच्या पिशवीत आता एक कार्ड असतं : गोळीचं नाव, डोस, कशासाठी चालू आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. बसस्टँडवर पडली तर उचलणाऱ्याला वाचता यायला हवं.

आणि एक विचारायचं होतं. तिची दाढ हलतेय. गोळी चालू असताना कुणी दाढ काढून घेतलीय का? तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?