शिकारीची काडतुसं घरी भरताना: शिशाच्या गोळीचं माप तांब्याच्या गोळीला चालेल का?

सालिनासकर:
नमस्कार मंडळी. मध्य कॅलिफोर्नियात राहतो. ग्रीन कार्ड आल्यावर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि .308 विंचेस्टरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली. ऑगस्टमध्ये ए झोनला (इथला शिकारीचा एक विभाग) हरणासाठी जायचं आहे.

ऑफिसातला एक जण आयडाहोला गेला. जाताना त्याने काडतुसं भरायचा प्रेस, .308 च्या डाय (साचे), वजनकाटा आणि स्वतःची वही मला दिली. वहीत 165 ग्रेनच्या शिशाच्या गोळीसाठी दारूचं माप लिहिलेलं आहे. इथे शिकारीला शिसं चालत नाही, म्हणून मी 165 ग्रेनचीच तांब्याची गोळी आणली. वजन तेच आहे, तर दारूही तेवढीच घालायची ना? आणि घरी भरण्यात खरंच पैसे वाचतात का? बायको म्हणते, ‘दारू भरतोय’ हे शब्द फोनवर आईसमोर उच्चारू नकोस.

मासातोळा:
नाही. तेवढी घालू नका. बाकीचं पुढे वाचा, पण आधी ती वही मिटून ठेवा.

मी मूळचा वाईचा, सराफाचा मुलगा. इथे टूलरूममध्ये हयात गेली. म्हणून आधी तुमच्या गोळीचं वजन आपल्या भाषेत सांगतो. इंग्रजांनी ठरवलेला तोळा बरोबर 180 ग्रेनचा. बारा मासे म्हणजे तोळा, म्हणजे एक मासा 15 ग्रेनचा. तुमची गोळी 11 मासे भरली. आता 11 मासे शिसं आणि 11 मासे तांबं शेजारी ठेवा. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.9. वजन तेच ठेवायचं तर तांब्याची गोळी लांब होणारच. काडतुसाची एकूण लांबी मात्र वाढवता येत नाही, नाहीतर मॅगझिनमध्ये बसत नाही. मग ती जास्तीची लांबी जाते कुठे? पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, आत. दारूची जागा खाते. जागा कमी, दारू तेवढीच, म्हणजे दाब वाढला. शिवाय सबंध तांब्याची गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत दबताना शिशाइतकी मऊपणाने दबत नाही. म्हणूनच त्या गोळ्यांच्या अंगावर खाचा कोरलेल्या असतात.

हे मला पुस्तकाने नाही, तळहाताने शिकवलं. 2019 च्या जुलैपासून इथे सगळ्या शिकारीला शिसं बंद झालं, तेव्हा मीही तुमच्यासारखाच हिशेब केला. रेंजवर पहिली गोळी झाडली, बोल्ट, म्हणजे मागची कडी, उचलायला गेलो तर उचलेना. तळहाताने ठोकून उघडला. पुंगळी हातात घेतली: प्राइमरच्या (दारू पेटवणारी बुडातली टोपी) कडेची गोलाई गेलेली, टिकलीसारखा सपाट, आणि पितळेच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारा खटका) चकचकीत गोल ठसा. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पितळ असं पसरलंय, हे कळल्यावर घसा कोरडा पडला. उरलेली अकरा काडतुसं घरी आणून हातोडीच्या पुलरने एकेक उकलली.

तेव्हा असं करा. गोळी बनवणाऱ्या कंपनीचं त्याच गोळीचं मॅन्युअल घ्या. त्यात ‘सुरुवातीचं माप’ असतं, तिथूनच सुरू करा आणि पायरी पायरीने चढा. वरचं माप गाठलंच पाहिजे असं काही नाही. गोळी आट्यांना टेकवून बसवू नका. तांब्याच्या गोळीला साधारण पन्नास थाउ (इंचाचे हजारावे भाग) मोकळे सोडलेले मानवतात. आणि खरं सांगू का, .308 ला 165 कशाला? 150 घ्या. तांबं वजन टिकवून ठेवतं, त्यामुळे हलकी गोळीही खोल जाते, आणि वेगात गेल्याने नीट उघडते. वेग फारच उतरला तर तांब्याची गोळी उघडतच नाही, पेन्सिलीसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन निसटतं. लांबच्या नेमाचा मोह नको.

पैशाचं म्हणाल तर, वाचत नाहीत. वर्षाला तुमची पंचवीस-तीस काडतुसं लागणार. वीसची तयार खोकी आणा, झाडा, पुंगळ्या जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्या भरा. प्रेस कुठे पळून जात नाही.

वेलदोडा:
मी एच-वनबीवर आहे, मलाही नेमबाजीची आवड. एवढ्या भानगडी करण्यापेक्षा शिशाचीच वापरून कोणाला कळणार आहे?

मासातोळा:
वेलदोडा, तुम्ही आधी स्वतःचं बघा. तात्पुरत्या व्हिसावर असताना नियमात बसणारा अपवाद लागतो, उदाहरणार्थ वैध शिकारीचं लायसन्स. तो नसताना बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवणंही फेडरल गुन्हा आहे. वकिलाला विचारा, फोरमवर नको. आणि इथे सगळ्यांनाच सांगतो: भारतात जाताना रेंजची बॅग घेऊन जाऊ नका. तळाशी विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं की आर्म्स अ‍ॅक्ट. आठवण म्हणून भाच्याला रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नका.

राहिलं शिसं. कळतं हो. वन्यजीव खात्याचा वॉर्डन काडतूस मागून बघतो. घरी भरलेल्यावर छाप नसतो, म्हणून मी गोळ्यांचा मूळ डबा गाडीत ठेवतो. पण वॉर्डनचं सोडा. आपण हरणाच्या पोटातलं तिथेच टाकून येतो ना, ते खायला काँडोर, इथलं प्रचंड गिधाड, येतो. पिनॅकल्स नॅशनल पार्कात माझ्या डोक्यावरून एक गेला होता, पंखावर नंबराचा बिल्ला. पंख पसरला की साडेनऊ फूट. 1982 साली जगात बावीस उरले होते. 1987 मध्ये रानातला शेवटचाही पकडून पिंजऱ्यात नेला, पिल्लं काढली, आणि आता पाचशेच्या वर आहेत. तरी त्यांना सर्वांत जास्त मारतं ते शिसंच. वेगात गेलेली शिशाची गोळी फुटते, त्याचे मिठाच्या कणाएवढे तुकडे जखमेपासून वीतभर लांब मांसात उडतात. पक्ष्याच्या पोटातल्या आम्लात ते विरघळतात, पचनसंस्था लुळी पडते, आणि पोट भरलेला पक्षी उपाशी मरतो. खिम्यात तेच कण आपल्याही पोरांच्या ताटात.

म्हसळ्याचा_बाबू:
वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे बंदूक नव्हती, तर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक होतं. आजारी बैलाला इंजेक्शन, बैल मेला, गिधाडांनी खाल्ला, गिधाडांचे मूत्रपिंड गेले. जनावरांसाठी 2006 साली बंदी आली तोवर आकाश रिकामं झालं होतं. आता आमच्या चिरगावच्या झाडांवर गिधाडाचं घरटं दिसलं तरी लोक हात जोडतात. मारायचं कुणालाच नव्हतं, एवढंच दोन्हीकडे सारखं.

सालिनासकर:
मासातोळाकाका, 165 चा डबा परत केला, 150 ची वीस तयार काडतुसं आणली. पण आधीच्या मित्राने नळीतून शंभरेक जुन्या गोळ्या झाडल्यात, त्याचं काही करावं लागेल का? (रायफलही त्याचीच, डीलरमार्फत कागद करून घेतली.) आणि तांब्याची गोळी खरंच ‘वजन टिकवते’ का, की जाहिरात?

मासातोळा:
नळी आधी धुवा, कोरं पोलाद दिसेपर्यंत. शिशाच्या गोळीवरही तांब्याचं कवच असतं, ते नळीत चिकटतं, म्हणून तांबं काढणाऱ्या सॉल्व्हंटची चिंधी घाला. बाहेर येईल ती मोरचुदासारखी निळी. निळी यायची थांबली की झालं. अमोनियाचा वास असतो, गॅरेजचं दार उघडं ठेवा. एक जुनी आणि एक नवी गोळी आलटून पालटून झाडाल तर नेम इकडे तिकडे हिंडेल आणि तुम्ही दुर्बिणीला शिव्या घालाल.

जाहिरातीचं विचारलंत म्हणून कपाटातून काढून पुन्हा तोलली. दोन वर्षांपूर्वी पासो रोबल्सच्या पलीकडे रानडुकराच्या खांद्यात, पलीकडच्या कातड्याखाली सापडलेली. चार पाकळ्या मागे वळलेल्या, कण्हेरीच्या फुलासारख्या, एका पाकळीत अजून हाडाचा पांढरा चुरा. झाडताना दहा मासे होती. वडिलांच्या काट्यावर, त्यांच्याच गुंजा टाकून बघितलं: एक गुंज कमी.