शनिवारची मॅच: बस सुवॉनला नको, योंगिनला! (दक्षिण कोरियातल्या मराठी मंडळाच्या मेल, २०२४)

प्रेषक: मेधा
मंडळी, तातडीचं आहे. शनिवारची ब्लूविंग्जची (सुवॉनच्या सॅमसंगच्या फुटबॉल क्लबची) मॅच बिग बर्डवर, म्हणजे सुवॉन वर्ल्ड कप स्टेडियमवर, नाही. तिथल्या मैदानाचं काम काढलंय म्हणून त्यांच्या घरच्या मॅचेस सध्या योंगिनच्या मिरू स्टेडियमवर चालल्यात. आपली बस मात्र सुवॉन वर्ल्ड कप स्टेडियमच्या गेटसाठी ठरलीये. शिरीष, बसवाल्याशी बोललास का? ॲडव्हान्सचं काय?
ता.क. मोदकाचे साचे ज्यांनी नेलेत त्यांनी शनिवारी आणून द्यावेत.

प्रेषक: शिरीष
मेधाताई, मी बस गणपतीच्या आधी ठरवली. कार्यकारिणीच्या मेलमध्ये तेव्हा स्वच्छ 'बिग बर्ड' लिहिलं होतं, हवा असल्यास मेल पुन्हा पाठवतो. आणि विषय निघालाच आहे तर, आधी जी तारीख सुचवली होती त्या शनिवारी ब्लूविंग्जची मॅचच नव्हती. यंदा, २०२४ला, के लीग २ मध्ये (कोरियातली दुसरी डिव्हिजन) १३ संघ आहेत, त्यामुळे प्रत्येक फेरीत एकाला सुट्टी. ते कुणाच्या लक्षात आलं? नाहीतर मुलाबाळांसकट रिकाम्या स्टेडियमला प्रदक्षिणा घातली असती.
बसवाल्याचं म्हणणं: रद्द केली तर निम्मे कापणार. ठिकाण बदलायची तयारी आहे, पण मिरूपाशी गाडी लावायला जागा मिळणार नाही, सोडून निघून जाईन म्हणतो.

प्रेषक: अनघा
बस हवीच कशाला? आपल्यातले निम्मे लोक मांगपो नाहीतर योंगतोंगला राहतात. सुइन-बुंदांग लाइनने गिहुंग, तिथे एव्हरलाइन पकडायची आणि साम्गाला उतरायचं. टी-मनी कार्ड (प्रवासाचं) सगळ्यांकडे आहे. विषय संपला.

प्रेषक: विनायककाका
अनघा, एव्हरलाइन कधी पाहिली आहेस का? एक डबा! अख्खी गाडी म्हणजे एक डबा, आणि चालवायला कुणी नाही. भारतातून पाहुणे आले होते तेव्हा एव्हरलँडला त्यातूनच नेलं. आमच्या विहीणबाई थेट पुढच्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या, रूळ बघितले, मागे वळून मला विचारलं, "अहो, हाकतंय कोण?" कुणीच नाही म्हटल्यावर उतरेपर्यंत त्यांनी खांब सोडला नाही. त्यात एक बाबागाडी शिरली की चार माणसांची जागा गेली. मॅचच्या दिवशी तिथे निळ्या जर्सीवाल्यांची रीघ असणार, त्यात आपण चाळीस जण डबे घेऊन.

प्रेषक: प्रसन्न
मी नवीन आहे, म्हणून विचारतो. दुसऱ्या डिव्हिजनची मॅच का बघतोय आपण? सोलला जाऊ, एफसी सोलकडून लिंगार्ड खेळतोय यंदा. मँचेस्टर युनायटेडचा लिंगार्ड! आणि ते स्टेडियम मेट्रोला लागूनच आहे.

प्रेषक: रणजित
प्रसन्न भावा, दुसरी डिव्हिजन आहे, पण संघ कोणता ते बघ की. ब्लूविंग्ज चार वेळा लीगचे चॅम्पियन, १९९८, १९९९, २००४ आणि २००८. २००१ आणि २००२ला सलग आशियाई क्लब चॅम्पियन. गेल्या डिसेंबरात शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर गांगवॉनशी ०-० झाली आणि तळाला राहून खाली गेले, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. त्याच मोसमात खालून वर कोण गेलं? गिमचॉन सांगमू, म्हणजे लष्कराचा संघ. सक्तीच्या सैनिकी सेवेत आलेले खेळाडू तिथं खेळतात आणि सेवा संपली की आपापल्या क्लबात परत. सैन्य वर आणि सॅमसंग खाली, आमच्या ऑफिसात महिनाभर कुणी फुटबॉलचं नाव काढलं नाही.
तरी लोक जातात. खाली गेला म्हणून उत्तरेकडच्या स्टँडातला आवाज कमी झालेला नाही. आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पेठा ओस पडतात. तिथं हे कुठल्या डिव्हिजनचं असं कुणी विचारलं तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.
लिंगार्ड बघायचा तर बघ. पण एफसी सोल म्हणजे २००४ला आन्यांगमधून उचलून नेलेला संघ. तिथल्या लोकांनी दम धरला, २०१३ला एफसी आन्यांग उभा राहिला आणि आज के लीग २ मध्ये पहिल्या नंबरवर तोच आहे.

प्रेषक: प्रसन्न
म्हणजे पहिला आला की वर?

प्रेषक: रणजित
पहिला थेट वर. दुसऱ्याला के लीग १ मधल्या अकराव्याशी भिडायचं. चौथा-पाचवा आपसात, जिंकेल तो तिसऱ्याशी, आणि त्यातून उरेल तो वरच्या लीगमधल्या दहाव्याशी. ब्लूविंग्जचं आत्ता त्या पाचाच्या आत-बाहेर चाललंय, म्हणून शनिवारची मॅच महत्त्वाची. वर जायचं दार अरुंद आहे. २०१६ला आणि २०१८ला तर पोलिसांचा संघ पहिला आला आणि तरी वर गेला नाही, आधी संघ आन्सान सोडून आसानला जायचा होता म्हणून, नंतर पोलिसांनी खेळाडूंची भरतीच थांबवली म्हणून.

प्रेषक: मेधा
रणजित, बसबद्दल कुणी बोलेल का?

प्रेषक: शुभदा
बसच्या आधी तिकिटांचं बघा. ॲपवर एकगठ्ठा घ्यायची तर फोन स्वतःच्या नावावर लागतो, त्यावरूनच ओळख पटते. नवीन आलेल्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, हे मी दिवाळीच्या वेळी पण लिहिलं होतं. मी आणि अनघा मिळून घेतो. पण उत्तरेच्या स्टँडात मुळीच नको. तिथे नव्वद मिनिटं उभं राहून गातात, लहान मुलांना पुढच्याची पाठ दिसेल फक्त. पूर्वेच्या बाजूला बसू.

प्रेषक: रणजित
शुभदाताई, उत्तरेत नाही तर मग जायचं कशाला? मी आणि ज्यांना यायचंय ते तिकडं जातो. आणखी एक. मंडळाचे यंदाचे टी-शर्ट जांभळे आहेत. जांभळा म्हणजे आन्यांग. सुवॉन आणि आन्यांगचं जुनं वैर, सुवॉनमागं सॅमसंग, आन्यांगच्या जुन्या संघामागं तेव्हा एलजी. ब्लूविंग्जच्या बाजूला चाळीस जण जांभळ्यात गेलो तर कुणी मारणार नाही, पण बघतील. निळं घाला.

प्रेषक: सुनीता (खजिनदार)
टी-शर्ट सर्वांच्या संमतीने ठरले होते, ठरावाच्या वहीत नोंद आहे. रंग जांभळा नसून वांगी आहे. आणि त्याचे पैसे अजून सात जणांचे यायचे आहेत, त्यांनी आधी ते द्यावेत, मग वैर बघू.

प्रेषक: अनघा
वांगी पण लांबून जांभळाच दिसतो.

प्रेषक: शिरीष
बसवाल्याशी पुन्हा बोललो. तेवढ्याच पैशात मिरूच्या दारात सोडेल, थांबणार नाही. परतीचं आपलं आपण. म्हणजे ॲडव्हान्स वाचला. ज्येष्ठ आणि लहान मुलांवाले जाताना बसने, बाकीचे रेल्वेने. बस योंगतोंगहून दीड वाजता निघेल, एक चाळीसला नाही. विसर्जनाला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

प्रेषक: मेधा
विसर्जनाला हॉलवाल्यानेच उशीर केला. अनंत चतुर्दशी नेमकी चुसोकच्या (कोरियन सुगीच्या सणाच्या) दिवशी आली, किल्ली घेऊन यायला कुणी जागेवर नव्हतं. ते बसवर ढकलू नका.

प्रेषक: शिरीष
मी हॉलबद्दल बोललोच नाही. बस वेळेवर होती, माणसं नव्हती.

प्रेषक: प्रसन्न
समोरचा संघ कोणता आहे?

प्रेषक: विनायककाका
परतीचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. मॅच सुटली की साम्गाला रांग लागणार आणि गिहुंगकडे जाणारी गाडी आधीच भरलेली येणार. मी डोंबिवलीत बावीस वर्षं काढली आहेत. साम्गाहून उलट्या दिशेला बसायचं, पुढचं स्टेशन सिटी हॉल, तिथे पलीकडच्या फलाटावर जाऊन गिहुंगची गाडी धरायची. एका स्टेशनाने बसायला मिळतं. ज्यांना माझ्याबरोबर यायचंय त्यांनी शेवटची शिटी व्हायच्या पाच मिनिटं आधी उठायचं.

प्रेषक: रणजित
काका, पाच मिनिटं आधी? शेवटच्या पाच मिनिटांत तर गोल होतात!

प्रेषक: शुभदा
काका, मी, दोन्ही मुलं आणि सासूबाई तुमच्याबरोबर. चार जागा धरा. तिकिटं उद्या रात्री नऊला घेतेय, तोपर्यंत नावं आणि मुलांची वयं फक्त मला पाठवा, सगळ्या यादीला नको.