प्रतिसाद: जळगावात संधिवाताची ओपीडी

भाऊ, तुम्ही म्हणता जळगावात नुसत्या संधिवातावर प्रॅक्टिस चालणार नाही, पेशंट सरळ नाशिक-मुंबई गाठतात. माझा अनुभव वेगळा आहे. यावल, रावेर, चोपड्याकडून सकाळच्या एसटीने येणाऱ्या बाया वर्षानुवर्षं पेनकिलरवर असतात, उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, आणि कोणीतरी 'वात आहे' म्हणून सोडून दिलेलं असतं. पेशंट आहेत हो, टिकवणं अवघड आहे. बरं वाटलं की गोळ्या बंद, सहा महिन्यांनी सुजलेले सांधे घेऊन परत.

मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, एका मावशीने ती रोज घेतली, तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी खाली, ॲडमिट करावं लागलं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही विचारतो, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी? त्याच वारी गोळी, फाईलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात. रक्ताची, लिव्हरची तपासणी करायची वेळ आली की रिसेप्शनवरची ताई फोन करते तो पेशंटच्या सुनेला, कारण घरी गोळ्या तीच देते.

आणि जाहिरातीवर खर्च नका करू, गावातल्या फॅमिली डॉक्टरला दर पेशंटमागे चार ओळींची चिठ्ठी पाठवा, पुढचे पेशंट तेच पाठवतात.